बहात्तर तास आणि छोटी रॉकेटं

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, डिसेंबर २०२५)

भाकरी तव्यावर असेल तर असू द्या, रेडिओचा आवाज तेवढा वाढवा.

मागच्या आठवड्यात बातम्या सांगताना आम्ही एक बातमी दोन वाक्यांत उरकली होती. हैदराबादच्या स्कायरूट नावाच्या खासगी कंपनीने ‘विक्रम-१’ हे रॉकेट तयार केलं आहे आणि २७ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी त्याचं अनावरण केलं, एवढंच. कार्यक्रम संपायच्या आत परंडा तालुक्यातून एका ताईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “सप्टेंबरच्या पुरात आमच्या रानाची माती गेली, खाली मुरूम उघडा पडलाय. आणि सरकार रॉकेटवाल्या कंपन्यांना पैसे देतंय? बरं देऊ द्या, पण त्या रॉकेटाचा आम्हाला काय उपयोग ते तरी सांगा.”

आम्ही चौघी समोरासमोर बसलो होतो. एकीलाही उत्तर देता आलं नाही. मग ताईंकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं, जिथं अडलं तिथं इथल्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं. आज जे सांगतोय ते त्यातूनच.

आधी छोटं रॉकेट म्हणजे काय ते बघू. आपल्या इस्रोचं पीएसएलव्ही हे रॉकेट म्हणजे एसटी समजा. ४४ मीटर उंच, भरवशाची गाडी. मोठा उपग्रह पुढच्या सीटवर आणि लहानसहान उपग्रह मागे जागा मिळेल तिथं. भाडं परवडतं. पण गाडी तिच्या वेळेला सुटणार, तिच्या रस्त्याने जाणार. तुम्हाला उतरायचं असतं वस्तीच्या फाट्यावर, ती सोडणार स्टँडावर. छोटं रॉकेट म्हणजे आपली काळी-पिवळी. माणशी हिशोब केला तर महाग पडते, पण म्हणाल तेव्हा निघते आणि म्हणाल तिथं सोडते. पूर्वी या काळी-पिवळीला प्रवासीच नव्हते, कारण उपग्रह म्हटला की तो टनाच्या हिशोबात असायचा. आता मोबाईलसारखेच उपग्रहही लहान झालेत. पाच-दहा किलोचा, पन्नास किलोचा उपग्रहसुद्धा कामाचा असतो. असे दहा-वीस उपग्रह मिळून एक काम करतात, आणि त्यांना आपापल्या ठरलेल्या वाटेवर नेऊन सोडायचं असतं.

त्या एसटीची पहिली फेरी मात्र फसली होती, हे वाचताना आम्ही थबकलो. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला झालं आणि उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. तारीख नीट ऐका. त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायच्या सुमारास, किल्लारी आणि आपलं सास्तूर हादरलं. तो सप्टेंबर आपण कुणी विसरलेलो नाही, पण त्याच महिन्यात समुद्रकाठी आणखी काही माणसं डोक्याला हात लावून बसली होती हे आम्हाला आता कळलं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, तेच रॉकेट यशस्वी झालं आणि मग तीस वर्षं धावत राहिलं. ते अपयश सरकारच्या खजिन्याने, म्हणजे आपण सगळ्यांनी सोसलं होतं. हे लक्षात असू द्या, पुढे याचा संबंध येणार आहे.

आता इस्रोने स्वतः एक छोटं रॉकेट केलं, एसएसएलव्ही. ५०० किलोपर्यंतचं ओझं ५०० किलोमीटरवर नेणारं. ५०० किलोमीटर म्हणजे धाराशिवहून मुंबई आणि वर शंभर, फक्त सरळ आभाळात. पीएसएलव्ही जोडून उभं करायला दीड-दोन महिने आणि शेकडो माणसं लागतात. हे छोटं रॉकेट पाच-सहा जणांनी ७२ तासांत उभं करावं, असं इस्रोने ते आखतानाच ठरवलं होतं.

बहात्तर तास. हा आकडा वाचून आम्ही हसलो, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. २०२० च्या खरिपात ऑक्टोबरच्या पावसाने काढलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, तेव्हा विमा कंपनीने हाच आकडा तोंडावर फेकला होता. नुकसान ७२ तासांत कळवलं नाही म्हणून भरपाई नाही. वीज नव्हती, मोबाईल बंद होते, ओढ्याला पाणी होतं, कळवायचं कसं? प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये निकाल जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. या बहात्तर तासांकडे परत येऊ.

एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ ला झालं. त्यात ‘आझादीसॅट’ नावाचा आठ किलोचा एक उपग्रह होता. देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुलींनी त्याचे भाग जोडले होते. चेन्नईच्या ‘स्पेस किड्झ इंडिया’ या संस्थेने त्यांना शिकवलं होतं. उड्डाण बघायला मुली श्रीहरिकोटाला आल्या होत्या. रॉकेट उठलं, तिन्ही टप्पे नीट जळले, टाळ्या झाल्या, आणि उपग्रह गेले. झालं काय, तर दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराचा हादरा बसला. त्या हादऱ्याने मोजमाप घेणारे संवेदक गोंधळले. रॉकेटातल्या संगणकाने ते कायमचे बिघडले असं धरून चाललं आणि भलताच हिशोब केला. उपग्रह गोल फिरायच्या ऐवजी एका बाजूला जमिनीपासून ७६ किलोमीटरपर्यंत खाली आले. एवढ्या खाली हवा असते, तिथं उपग्रह टिकत नाही.

सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, दुसरं उड्डाण झालं. मुलींनी उपग्रह पुन्हा केला होता, ‘आझादीसॅट-२’. तो नीट पोचला. आमच्यातली एक म्हणाली, दहावीत नापास झालेल्या पोरीला घरात किती जण दुसरी फेरी देतात?

सरकारने हे छोटं रॉकेट आता उद्योगाच्या हवाली करायचं ठरवलंय. जून २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने, म्हणजे एचएएलने, ५११ कोटींची बोली लावून त्याचं तंत्रज्ञान मिळवलं. ती सरकारीच कंपनी आहे, त्यामुळे घरातल्या घरात वाटणी झाल्यासारखं आहे. खरी नवी गोष्ट खासगी कंपन्यांची.

स्कायरूट २०१८ मध्ये पवनकुमार चंदना आणि नागा भरत डाका या दोघांनी सुरू केली. दोघेही इस्रोची नोकरी सोडून आलेले. १८ नोव्हेंबर २०२२ ला त्यांचं ‘विक्रम-एस’ उडालं. सहा मीटर लांब, साडेपाचशे किलोच्या आत वजन, म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सहज मावेल एवढं. ते ८९.५ किलोमीटर वर गेलं आणि समुद्रात पडलं. दुसरी कंपनी चेन्नईची अग्निकुल, आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेली. त्यांनी इंजिन वेगवेगळे भाग जोडून केलंच नाही. छपाईसारखे धातूचे थरावर थर देत अख्खं इंजिन एकसंध काढलं. त्यांचं उड्डाण चार वेळा ऐनवेळी थांबवावं लागलं. पाचव्या खेपेला, ३० मे २०२४ ला, ते झालं. आणि मैत्रिणींनो, त्या कामाचं पुढारपण बायकांकडे होतं.

पण फुगवून सांगायला नको. ही दोन्ही उड्डाणं वर जाऊन खाली यायची होती. आज डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही बोलतोय तोवर एकाही भारतीय खासगी कंपनीने स्वतःच्या रॉकेटने उपग्रह कक्षेत सोडलेला नाही. विक्रम-१ तेच करायला निघालंय. वर्तमानपत्रांचे मथळे वाचून वाटतं की झालंच सगळं. अजून व्हायचंय.

यात आपल्या महाराष्ट्राचे हात बरेच आहेत. पुण्याला जाताना इंदापूर लागतं, त्या तालुक्यातलं वालचंदनगर माहीत असेल. साखर कारखान्यांची यंत्रं करणारा तिथला कारखाना इस्रोच्या रॉकेटांची कवचंही करतो. म्हणजे आपल्या बाया ज्या उसाच्या मोळ्या बांधतात, त्या उसाचा चरक आणि रॉकेट, दोन्ही एकाच गावातून निघतात. विक्रोळीत गोदरेज इस्रोसाठी इंजिनं बनवतं. आणि स्कायरूटच्या पहिल्या घन इंधनाच्या इंजिनाची चाचणी डिसेंबर २०२० मध्ये नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या आवारात झाली. त्याच समूहाच्या बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला. नऊ जण गेले, त्यात सहा बायका. ते काम रॉकेटाचं नव्हतं, खाणीत वापरायच्या स्फोटकांचं होतं. पण रॉकेटाचं घन इंधनसुद्धा शेवटी पेट घेणारीच वस्तू आहे. असले कारखाने वाढणार, तर तिथं हात कुणाचे लागतात आणि त्या हातांची काळजी कोण घेतं, हे विचारायला हवं. अनावरणाच्या भाषणांत आम्हाला ते ऐकू आलं नाही.

आता ताईंचा पहिला प्रश्न, सरकार पैसे देतं का. देतं. पण आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने.

सगळ्यात मोठी मदत रोख नाहीच. ती आहे जागा आणि परवानगी. जून २०२० मध्ये केंद्राने ‘इन-स्पेस’ नावाची संस्था काढायचं ठरवलं. तिचं कार्यालय अहमदाबादेत आहे. खासगी कंपनीला इस्रोची चाचणीची जागा, श्रीहरिकोटाचं मैदान, रडार, सुरक्षेची यंत्रणा पैसे भरून वापरता यावी, ही सोय ती लावते. पापडाचा उद्योग सुरू करणारी बाई आधी गिरणी विकत घेत नाही. गावात गिरणी असते, ती दळण देते. इस्रोची गिरणी साठ वर्षांच्या सरकारी पैशातून उभी राहिली आहे, आणि तिच्यावर आता दुसऱ्यांचंही दळण होतंय. आमचं मत विचाराल तर हे ठीक आहे. गिरणी बंद राहण्यापेक्षा बरं.

मग धोरण आलं, एप्रिल २०२३ मध्ये. जुलै २०२३ मध्ये खासगी उड्डाणसेवेवरचा जीएसटी माफ झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रॉकेट कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवल थेट यायला मोकळीक मिळाली. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला छोट्या रॉकेटांसाठी दुसरा तळ बांधतायत. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने एक हजार कोटींच्या निधीला मान्यता दिली. पाच वर्षांत सुमारे चाळीस कंपन्यांना, प्रत्येकी दहा ते साठ कोटी.

या हजार कोटींवर आमच्यात भांडण झालं. एकीचं म्हणणं, हे अनुदान नाही, भागभांडवल आहे. कंपनी वाढली तर सरकारचा हिस्साही वाढेल. आणि अतिवृष्टीनंतर राज्याने जाहीर केलेलं पॅकेज ३१ हजार ६२८ कोटींचं होतं, त्यापुढे हजार कोटी म्हणजे किती? दुसरी म्हणाली, तेच तर! भागभांडवल म्हणजे कंपनी बुडाली तर पैसेही बुडाले, दारात वसुलीला कुणी येत नाही. आपल्याला गटातून कर्ज मिळतं. शेळी मेली तरी हप्ता चुकत नाही. धोका पत्करणाऱ्याला सांभाळून घ्यायचं हे सरकारला कळतं, तर मग आमच्या धोक्याच्या वेळी फक्त कर्जच का? यावर पहिलीला उत्तर सुचलं नाही. आम्हा बाकीच्यांनाही नाही.

धोक्याचंच आणखी एक. खासगी कंपनीचं रॉकेट उद्या दुसऱ्या देशात पडून नुकसान झालं, तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे भरपाईची जबाबदारी देशाची असते. कंपनीकडून किती वसूल करायचं हे ठरवणारा अवकाश कायदा संसदेने अजून केलेला नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या अपयशाचा भार आपण उचलला, पण तेव्हा यशही आपलंच होतं. आता यशाची वाटणी कशी होणार, हे लिहून ठेवायची वेळ रॉकेट उडायच्या आधीची.

आता दुसरा प्रश्न. आम्हाला काय उपयोग?

उपग्रह पृथ्वीभोवती दीडेक तासात एक फेरी मारतो, पण खाली पृथ्वीही फिरत असते. त्यामुळे तो पुन्हा तुमच्याच रानावर यायला काही दिवस जातात. आलाच, आणि वर ढग असले, तर साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नाही. आपलं नुकसान नेमकं ढगाखाली होतं. सप्टेंबरमध्ये परंडा-भूमकडे हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली, तेव्हा आभाळ कुठं मोकळं होतं?

ढगातून बघायला रडारचा उपग्रह लागतो. अमेरिकेच्या नासाबरोबर इस्रोने केलेला ‘निसार’ हा असाच मोठा उपग्रह ३० जुलै २०२५ ला वर गेला. तो दिवसा, रात्री, ढगाआडून बघतो. पण त्याच वाटेवर तो परततो बारा दिवसांनी. आपल्याला सांगितले होते बहात्तर तास. त्याआधी मे महिन्यात इस्रोचा दुसरा रडार उपग्रह, ईओएस-०९, घेऊन पीएसएलव्ही निघालं होतं. तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला आणि तो गेला. सोळा-सतराशे किलोचा एकच उपग्रह, एकाच झटक्यात. इथं छोट्यांचं महत्त्व कळतं. एका मोठ्याऐवजी बारा छोटे असले, तर एक गेला तरी अकरा राहतात, आणि कुणी ना कुणी एक-दोन दिवसांत तुमच्या डोक्यावर येतो. एखादा बंद पडला तर त्याच्या जागी नवा लगेच पाठवायला काळी-पिवळी लागते. छोट्या रॉकेटांचा आपल्याशी संबंध आहे तो हा.

हे स्वप्नरंजन नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये इन-स्पेसने बंगळुरूच्या पिक्सेल आणि तिच्या सोबतच्या कंपन्यांना असेच बारा उपग्रह करायला निवडलं. बाराशे कोटींहून जास्त खर्च त्या कंपन्या करणार. म्हणजे उपग्रह त्यांचे, आणि चित्रंही ते विकणार. इस्रोची बरीच ढोबळ चित्रं ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर मोफत मिळतात. खासगी चित्रं सरकार विकत घेईल, विमा कंपनी विकत घेईल. आपल्या रानाचं चित्र आपण सोडून सगळ्यांकडे असेल. तेव्हा सरकार मदत देतंच आहे, तर त्या मदतीबरोबर एक अट घालता येईल की ज्या चित्रावरून शेतकऱ्याची भरपाई ठरली, ते चित्र त्याला मागितल्यावर फुकट बघायला मिळावं. आमचं यापेक्षा मोठं मागणं नाही.

कारण चित्रावरून ठरवणं सुरू झालंच आहे. पीक विम्यात उपग्रहाच्या मदतीने उत्पादन काढायची केंद्राची पद्धत २०२३ च्या खरिपात भातापासून सुरू झाली. २०२४ च्या खरिपापासून त्यात सोयाबीनही आलं. उत्पादनाच्या आकड्यात या पद्धतीला किमान ३० टक्के वजन आहे. इकडे राज्यात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला. स्थानिक नुकसानीची वेगळी भरपाईही गेली, म्हणजे ते बहात्तर तासांचं कळवणंही गेलं. आता भरपाई फक्त सरासरी उत्पादनावर, आणि सरासरी काढायची ती महसूल मंडळाची.

इथं आम्हाला खरी ठेच लागली. आजच्या साध्या मोफत चित्रातसुद्धा दहा मीटरचा तुकडा ओळखता येतो. म्हणजे तुमचं दोन एकराचं वावर शेजारच्यापासून वेगळं दिसतं. पण हिशोब होतो कित्येक गावांच्या मंडळाचा. नदीकाठच्या ताईंचं रान गेलं आणि माळावरच्या बाईचं पीक वाचलं, तर सरासरीत ताईंचं नुकसान विरून जातं. याला रॉकेट काय करणार? उद्या शंभर उपग्रह सोडले तरी हिशोबाचा तुकडा मंडळाएवढाच राहिला, तर आभाळातून स्पष्ट दिसलेलं नुकसान कागदावर पुसटच राहील. आणि सातबाऱ्यावर जिचं नाव नाही ती बाई तर दोन्हीकडे दिसत नाही, पण त्यावर आम्ही एक अख्खा कार्यक्रम केलाय, आज पुन्हा नको.

तेव्हा परंड्याच्या ताई, रॉकेटावर खर्च होऊ नये असं आम्हाला वाटत नाही. तुमचा राग मात्र आम्हाला पटला. तो थोडा वळवून विमा आणि कृषी खात्याच्या दारात न्यायचा आहे.

पुढच्या बुधवारी कृषी विभागाचे अधिकारी आपल्या स्टुडिओत येणार आहेत. आपल्या मंडळाचा सोयाबीनचा आकडा काढताना उपग्रहाचा हिस्सा किती धरला आणि पीक कापणी प्रयोग कोणत्या गावांत झाले, हे आम्ही त्यांना विचारणार आहोत. तुम्ही तुमच्या मंडळाचं नाव, पेरा किती होता, ई-पीक पाहणीत फोटो चढला होता का आणि हाती रास किती आली, एवढं चिठ्ठीवर लिहून पाठवा. फोन लागत नसेल तर चिठ्ठी गावातल्या अंगणवाडीताईंकडे मंगळवारच्या आत द्या, त्या आमच्यापर्यंत पोचवतील.